खेरीज हक्कदार : विक्रीला निघालेल्या एका वाड्याचे वाचन

गेल्या चैत्रात सदाशिव पेठेतल्या एका बोळात पत्र्याची पाटी लागली : 'वाडा विकणे आहे. मध्यस्थांनी भेटू नये.' हमरस्त्यापासून हा बोळ फार तर शंभर पावलांवर आहे, पण तेवढ्या पावलांत गाड्यांचा आवाज मागे पडतो. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावे लागते. बोळाच्या टोकाला दिंडी असलेला दरवाजा, आत देवडी, मग पहिला चौक, त्यापलीकडे मागचा चौक, आड आणि एक बुचाचे झाड. पाटी लागल्यानंतरच्या पंधरा दिवसांत सात-आठ जण येऊन गेले. माडीवर जायचा जिना कुठे आहे, हे त्यांतल्या एकानेही विचारले नाही. सगळ्यांचे प्रश्न तीनच होते : जागा किती, भाडेकरू किती आणि रस्त्याची रुंदी किती.

या तीन प्रश्नांत वाडा कुठेच नाही. मग वाडा विकला जातो तेव्हा नेमके काय विकले जाते, आणि काय विकता येत नाही? हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षे आहे. या पाटीमुळे तो टाळता येईनासा झाला.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर एका दस्तलेखकाच्या टेबलावर मराठी टंकलेखनाला बसलो आणि पंधरा-सोळा वर्षे खरेदीखते, गहाणखते, हक्कसोडपत्रे, बक्षीसपत्रे टाइप केली. खरेदीखतात मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा संपली की एक ठरलेली ओळ यायची. सदर मिळकत 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह, तदंगभूत वस्तूंसह' विकली आहे, अशी ती ओळ. बोटांना ती इतकी पाठ झाली होती की मान वर करून गप्पा मारता मारता मी ती टाइप करत असे. आमचे दस्तलेखक म्हणत, "ही ओळ चुकली तरी चालेल रे, पण अक्षरी रक्कम चुकू देऊ नकोस."

चाळिशीच्या सुमारास संध्याकाळच्या वर्गात मोडी शिकलो. सरावासाठी इनामाच्या सनदांच्या नकला वाचायला दिल्या होत्या. तिसऱ्या की चौथ्या सनदेत माझी ओळ समोर आली. गाव किंवा जमीन इनाम देताना पेशवाईतला कारकून लिहितो : कुलबाब, कुलकानू, हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसहित. म्हणजे सगळी करबाब आणि जमिनीवरचे व जमिनीखालचे सगळे काही. पण सनदेतले वाक्य तिथे संपत नव्हते. पुढे पाच शब्द होते : 'खेरीज हक्कदार व इनामदार करून.' पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांचे जे हक्क आधीपासून आहेत, ज्यांना पूर्वी इनाम दिलेले आहे, ते सगळे वगळून बाकीचे दिले.

हे पाच शब्द मी टाइप केलेल्या एकाही खरेदीखतात नव्हते. त्यांच्या जागी आमच्याकडे दुसरे वाक्य होते : सदर मिळकत 'निर्वेध व निजोखमी' असून गहाण, दान, पोटगी, जामीनकी वगैरे कोणत्याही बोजात गुंतलेली नाही. जुना कारकून आधी कोणाकोणाचे काय आहे ते मान्य करून मग देत होता. आम्ही मात्र कोणाचेच काही नाही, अशी हमी देऊन विकत होतो. गावाची सनद आणि पेठेतल्या घराचे खरेदीखत हे वेगळे दस्त आहेत, हे मला मान्य आहे. तरी पुण्यातल्या वाड्यांचे गेल्या शंभर वर्षांत जे झाले ते समजून घ्यायला या दोन वाक्यांमधला फरक मला फार उपयोगी पडला. म्हणून हा वाडा त्याच ओळीच्या क्रमाने, पण उलट्या बाजूने वाचतो.

काष्ठ आणि पाषाण

वाडा भिंतींवर उभा असतो असा आपला समज असतो. तो खांबांवर उभा असतो. दगडी जोते, त्यावर खांबाखाली बसवलेला दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट, असा हा सांगाडा. कडीपाट हा शब्द त्यातूनच आला. भिंत बहुतेक ठिकाणी या सांगाड्यात भरलेली असते : खाली दगड, वर पातळ विटा, मधे माती किंवा चुना. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि घराचे माप खणांतच सांगतात. ओसरी इतक्या खणांची, दिवाणखाना इतक्या खणांचा. चौकांवरून वाड्याची ऐपत कळते. ऐपत असलेल्यांचे खांब सुरूच्या झाडासारखे कोरलेले आणि वरच्या बाजूला केळफुले असलेले. विश्रामबागवाड्यात ते आजही पाहता येतात.

या रचनेचे दोन परिणाम झाले. पहिला चांगला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. मातीच्या भिंती विरघळल्या. काही वाड्यांत भिंती गेल्या, पण सांगाडा उभा राहिला आणि लोकांनी त्यात पुन्हा विटा भरून संसार मांडले. दुसरा परिणाम वाईट. लाकडाला पाणी आणि वाळवी चालत नाही. छपराची कौले दर पावसाळ्याआधी फिरवली नाहीत तर गळणारे पाणी कडीच्या टोकात, म्हणजे ती भिंतीत शिरते तिथे, मुरते. बाहेरून कडी धडधाकट दिसते आणि आत टोक कुजलेले असते. वाडा वयामुळे पडत नाही. तो पडतो कौले फिरवणाऱ्या माणसाची मजुरी कोणी द्यायची हे न ठरल्यामुळे. या मुद्द्याकडे पुढे यायचेच आहे.

आगीचेही तेच. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. उरले ते दगडी : तट, बुरूज, दरवाजे, जोती. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा जळून गेला आणि विश्रामबागवाड्यालाही आग लागली. पाषाण राहतो, काष्ठ जाते.

आज मात्र सौद्यात काष्ठालाच वेगळी किंमत आहे. वाडा पाडायचे कंत्राट घेणारा मजुरी मागत नाही. जुन्या सागाच्या बदल्यात तोच काही रक्कम देऊ करतो. खांब, चौकटी, कोरीव तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत जातात आणि तिथून शहराबाहेरच्या हॉटेलांत आणि शेतघरांत. हा व्यवहार वाटतो तितका साधा नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यातल्या व्याख्येत इमारतीपासून सुटी केलेली, किमान शंभर वर्षे जुनी वस्तूही येते आणि पुरावशेषांच्या व्यापाराला परवाना लागतो. वखारीत कोरीव खांबाचे वय विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. वाड्यांचे अवशेष जपण्याचे काम सरकारी यंत्रणेच्या आधी एका व्यक्तीने केले. कवी अज्ञातवासी म्हणजे दिनकर केळकर यांनी दारे, खिडक्या, दिवे, अडकित्ते जमवले आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य सरकारला दिला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी शुक्रवार पेठेतल्या आपल्या संग्रहालयात पुन्हा उभारले. पण संग्रहालयातली खिडकी बोळाकडे उघडत नाही.

जल, तरू, निधी

पेशव्यांच्या पुण्याला पाणी आले ते कात्रजच्या तलावातून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, हे काम झाले. दगडाविटांचा बंदिस्त नळ, हवा खेळती राहावी म्हणून मधे मधे उच्छ्वास, आणि नुसत्या उताराने शहरातल्या हौदांपर्यंत येणारे पाणी. ज्यांच्या वाड्यात हौद किंवा आड होता, त्यांची ऐपत पाण्यात दिसत होती. पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्नही वाड्याच्या भिंतीतच होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. वाड्यांचे कौतुक करताना हे विसरता कामा नये, की बहुतेक वाड्यांच्या दरवाजाची रचना कोणाला आत घ्यायचे यापेक्षा कोणाला घ्यायचे नाही याचीच जास्त काळजी घेणारी होती.

तरूचे थोडक्यात सांगता येते. खरेदीखतात झाड विकले जाते, पण १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. मागच्या चौकातले बुचाचे झाड माझ्या आईने लग्न होऊन आल्यावर होते तसेच पाहिले आहे. म्हणजे वाड्याला जे संरक्षण नाही ते त्या झाडाला आहे.

निधी आणि निक्षेप हे शब्द वाचून लोक हसतात. निधी म्हणजे पुरलेले धन, निक्षेप म्हणजे ठेव. जुन्या वाड्यात हंडा सापडल्याच्या कथा प्रत्येक पेठेत आहेत. पण १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तेव्हा आजचे खरेदीखत विकत असलेल्या सात गोष्टींपैकी तरू आणि निधी या दोन तरी मालकाला निर्वेधपणे विकताच येत नाहीत. हमी मात्र तशीच टाइप होते.

हक्कदार पहिले : भाऊ आणि बहिणी

विक्रीला निघालेल्या वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर आज बावीस नावे आहेत. मूळ मालक एक, त्याचे तीन मुलगे, मग त्यांचा विस्तार. काही जण ठाण्याला, एक कुटुंब इंदूरला, दोघे परदेशात. बहुतेकांनी हा वाडा मुंजीत किंवा लग्नात एकदोनदा पाहिलेला. ज्याने कौले फिरवायची तो इथे राहतो आणि त्याचा हिस्सा थोडा. ज्यांचा हिस्सा मोठा ते इथे राहत नाहीत. खर्च कोणी करायचा याचा निकाल लागत नाही, आणि विक्री हा एकच असा निर्णय उरतो ज्यात सगळ्यांना काहीतरी मिळते.

बावीस नावांत सात बहिणींची आहेत. काही वर्षांपूर्वी ती दिसली नसती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायाद केले, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद काढला. त्यासाठी वडील त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्याच २००५ च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यातले एक जुने कलमही गेले. पुरुष वारस वाटणीला तयार होईपर्यंत राहत्या घराची वाटणी स्त्री वारसाला मागता येत नसे, असे ते कलम होते. पेठांमध्ये एक तक्रार नेहमी ऐकू येते, की बहिणींच्या सह्यांमुळे व्यवहार अडतात. मी टाइप केलेली हक्कसोडपत्रे आठवतात. बहिणीने 'प्रेमापोटी व विनामोबदला' हक्क सोडला, असे त्यांत लिहिलेले असे. सही करताना कितीजणींना तो कागद वाचून दाखवला होता, ते मला माहीत आहे.

कायद्याला घर आणि जमीन यांतला फरक अगदीच कळत नाही असेही नाही. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला एका भावाचा हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तरी त्या आधारावर त्याला कुटुंबाबरोबर घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटणी कायद्यातल्या चौथ्या कलमाने घरातल्या हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला परत घेता येतो. पण त्यासाठी घेणाऱ्याजवळ पैसे हवेत. राहणाऱ्याजवळ ते नसतात.

हक्कदार दुसरे : भाडेकरू

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे वाचकांनी माझे पुढचे म्हणणे तेवढे वजा करून वाचावे. या वाड्याच्या मागच्या चौकातल्या दोन खोल्या माझ्या वडिलांच्या नावावर होत्या. मी तिथे वाढलो. माझी आई अजून तिथेच राहते. तिचे वय ब्याऐंशी. मालकांच्या सर्वांत थोरल्या सूनबाई, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, पुढच्या चौकात राहतात. पाटी त्यांच्याच संमतीने लागली आणि लागल्या दिवशी संध्याकाळी त्यांनीच आईला येऊन सांगितले.

भाडेकरूंचा प्रश्न कागदावर असा आहे. मुंबई राज्याचा भाडेनियंत्रण कायदा १९४७ चा. युद्धानंतरच्या टंचाईत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले गेले. हेतू न्याय्य होता. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धे शतक चालला. इतकी वर्षे भाडे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगितले. नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकाला दरसाल चार टक्के वाढीची मुभा मिळाली. आमच्या दोन खोल्यांचे भाडे बारा रुपये होते. बारा रुपयांवर चार टक्क्यांची चक्रवाढ पंचवीस वर्षे धरली, तर आज बत्तीस रुपये होतात. चौकात दहा भाडेकरू धरले तर महिन्याला तीनशे वीस रुपये. एवढ्या पैशांत कौले फिरवणारा माणूस वाड्याचा जिनाही चढणार नाही.

म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. भाडेकरू करायला गेला, तर त्याने हक्क सांगू नये म्हणून मालक अडवतो. गळती वाढते. पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते आणि ती कधी कधी दोन्ही बाजूंपैकी एकीला हवीच असते. इमारत पडली की भाडेकरूचा हक्क संपतो, असा समज बरीच वर्षे होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो दूर केला : पालिकेने इमारत पाडली तरी तेवढ्याने भाडेकरार संपत नाही, कारण करार नुसत्या भिंतींचा नसतो, खालच्या जागेचाही असतो. पाटी वाचून येणाऱ्यांचा दुसरा प्रश्न 'भाडेकरू किती' हा असतो, तो यामुळे.

आमच्या बाजूने एवढेच म्हणेन. भाडेकरू म्हणजे वाड्याला लागलेली वाळवी, असे हल्ली बोलले जाते. पण १८१८ नंतर दरबार गेला, सरदारांची उत्पन्ने आटली, तेव्हा हे वाडे चालू राहिले ते खोल्या भाड्याने देऊनच. पुण्याच्या ज्या इतिहासाचा आपण अभिमान बाळगतो, तो बराचसा दुसऱ्याच्या वाड्यात घडला. फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती भिड्यांच्या वाड्यात. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये सुरू झाले ते मोरोबादादांच्या वाड्यात. कोकणातून, देशावरून आलेली मुले वार लावून जेवली आणि अशाच मागच्या चौकांतल्या खोल्यांत राहून शिकली. वाड्याला मोल आले त्यात मालकाइतकाच वाटा राहणाऱ्यांचा आहे.

बोळाची रुंदी

तिसरा प्रश्न रस्त्याचा. जमिनीवर किती बांधता येईल, म्हणजे चटईक्षेत्र किती मिळेल, ते आपल्याकडे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्ता रुंद तर मजले जास्त. त्यामुळे लक्ष्मी रस्त्यासारख्या हमरस्त्यांवरचे वाडे आधी गेले. आतल्या बोळांतले राहिले. आपण म्हणतो, बोळ शांत आहे कारण तिथे जुनी माणसे राहतात. कारण इतके भावुक नाही. बोळ अरुंद होता म्हणून तिथे बांधणे परवडत नव्हते, आणि परवडत नव्हते म्हणून वाडा वाचला. आता जमिनीचा भाव इतका चढला आहे की अरुंद बोळातले गणितही जमू लागले आहे. शेजारचा वाडा बरोबर घेतला की आणखी जमते.

आणि वारसा म्हणून संरक्षण? मुंबईने १९९५ मध्ये देशात पहिल्यांदा शहरी वारसा इमारतींची नियमावली केली. पुण्यातही पालिकेची श्रेणीवार यादी आहे. यादीतल्या इमारतीच्या मालकाला जे बांधता येत नाही, त्याच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क मिळू शकतो. कल्पना चांगली आहे, पण तो हक्क मिळवायला मालकी स्पष्ट लागते, एकमत लागते आणि कार्यालयात खेपा घालणारा माणूस लागतो. बावीस नावांच्या वाड्यात या तिन्ही गोष्टी नसतात. यादीत नाव येणे म्हणजे किंमत पडणे, एवढेच बहुतेक मालकांना ठाऊक असते, म्हणून यादीत नाव येऊ नये यासाठीच त्यांची धडपड असते.

टिकलेले वाडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. विश्रामबागवाडा आणि नानावाडा पालिकेकडे आहेत. टिळकांनी १९०५ मध्ये घेतलेला गायकवाड वाडा पुढे केसरीवाडा झाला आणि एका कामाशी बांधला गेला. टिकण्याचे कारण कोरीवकाम नव्हे. एक मालक, एक उपयोग आणि दुरुस्तीची एक जबाबदारी, हे ते कारण. भिडेवाड्याचे उलट झाले. स्मारकाची मागणी होती आणि हक्कांचे दावे वर्षानुवर्षे चालले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वाद संपला, तोवर इमारत खंगली होती. डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत ती उतरवली गेली. आता तिथे स्मारक होईल. पण ज्या ओसरीत त्या मुली बसल्या ती पुन्हा होणार नाही.

रुमाल

ज्येष्ठात काकूंनी मला बोलावले. देवघराच्या वरच्या फडताळात दोन रुमाल होते. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. "तुला मोडी येते ना? बघ काही कामाचे आहे का. नाहीतर रद्दीवाला येणारच आहे," त्या म्हणाल्या. तीन रविवार बसलो. बरेचसे कागद कापड, तूप, भिक्षुकी यांच्या हिशेबाचे होते. त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले एक वाटणीपत्र निघाले. तीन भावांनी वाडा वाटून घेतला आहे : कोणाला कोणते खण, जिना सामाईक, देवघर सामाईक. आणि शेवटी एक कलम आहे. चौथ्या, मयत भावाच्या विधवेला मागच्या चौकातल्या दोन खोल्या हयातभर राहायला, आडावरचे पाणी वापरायला, आणि तिला उठवण्याचा हक्क तिघांपैकी कोणासही नाही. बाईचे नाव नाही. 'वहिनी' एवढेच लिहिले आहे.

चतुःसीमा जुळवून पाहिली. त्या दोन खोल्या म्हणजे आमच्याच खोल्या.

मी काकूंना तो कागद वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे हे आधीपासूनचेच आहे तर." त्यानंतर त्यांनी पुतण्यांना निरोप पाठवला, की व्यवहार करायचा तो करा, पण आधी कोणाचे काय आहे त्याची यादी करा.

ती यादी मी लिहून दिली. वकिलांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते हसले. विकसन करारनाम्यात अशी कलमे नसतात, म्हणाले. मग एकेक करत घेतली. दहाही भाडेकरूंना नव्या इमारतीत मालकीची जागा, आणि ती तयार होईपर्यंतचे भाडे विकसकाने आगाऊ भरायचे. सातही बहिणींचे हिस्से रकमेत लिहून, हक्कसोडपत्र न घेता. बुचाचे झाड आणि आड नकाशात जागेवर दाखवायचे. पाडण्याआधी वाड्याचे खणाखणाने मोजमाप, आराखडे आणि छायाचित्रे. ओसरीचे चार खांब नव्या इमारतीच्या प्रवेशाशी. दोन्ही रुमाल विक्रीतून वगळून, आधी त्यांची छायाचित्रे काढून, मग संशोधन संस्थेकडे. परिशिष्टाला शीर्षक काय द्यायचे, असे वकिलांनी विचारले. मी सांगितले : 'खेरीज हक्कदार'. त्यांना ते मोडीतले वाटले, पण ठेवले.

वाडा यामुळे वाचणार नाही, हे मला कळते. ज्यांना वाडा वाचवता येईल त्यांनी वाचवावा. ज्यांना विकावाच लागेल, अशांची संख्या फार मोठी आहे आणि त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते : पाटी लावण्याआधी फडताळे उघडा. प्रॉपर्टी कार्ड, जुने वाटणीपत्र, भाडेपावत्या एका जागी ठेवा. मोडी वाचणारा गाठा, आता ते प्रत्येक शहरात आहेत. खणांची मापे घ्या, यासाठी फक्त टेप आणि दोन माणसे लागतात. ज्या बहिणीची सही हवी तिला कागद आधी वाचायला द्या. आणि 'निर्वेध व निजोखमी' टाइप करण्याआधी कोणाकोणाचे काय आहे ते लिहून काढा.

हा लेख लिहीपर्यंत करारनाम्यावर सह्या झालेल्या नाहीत. इंदूरच्या दोन सह्या बाकी आहेत. आई विचारते, यंदा आडावर पणती लावायची ना? काकू पुढच्या चौकातून उत्तर देतात, लावायची.